वजनाची वही

माझी पस्तीस वर्षं बॉयलरसमोर गेली. दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात वाफ तयार करायची, ती मशिनींना पोचवायची आणि ड्रममधल्या पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवून आठ तास काढायचे, एवढंच काम. पाणी वाढलं की ते वाफेबरोबर पुढं जाऊन नासधूस करतं, कमी झालं की नळ्या जळतात. म्हणून बायकोच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय, अंगात पाणी साचतंय, यापुढं जन्मभर ते मोजूनमापून ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी घाबरलो. आणि लगेच मनात आलं की अरे, हे तर आपल्याच लाइनीतलं काम आहे. त्या विचाराची मला आज लाज वाटते. तेव्हा मात्र त्यानं धीर आला होता.

ती तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. आधी तापाचं निमित्त झालं, मग खोकला, मग गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना धाप, आणि एका सकाळी तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. दवाखान्यात नऊ दिवस राहून, अंगातलं पाणी काढून, ती अर्धी होऊन बाहेर आली. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि हिंदीत, सावकाश, एकेक गोष्ट समजावली. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं. दिवसभरात पाणी, चहा, वरण, ताक सगळं धरून दीड लिटर. मीठ नावापुरतं. लघवीची गोळी सकाळी, न चुकता. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, पाय सुजले, झोपताना उशा वाढवाव्या लागल्या, तर वाट पाहायची नाही, फोन करायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "बीमारी जाएगी नहीं माँजी, पर आप इसको सँभाल सकती हो." आणि एक छोटी वही त्यांनी तिच्या हातात दिली.

ते सगळं तिला उद्देशून होतं. मी बाजूला पिशव्या धरून उभा होतो. बाहेर येताच ती वही मी तिच्या हातातून घेतली आणि शर्टाच्या खिशात घातली.  सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर माझ्याहून देखणं. मुलगी शाळेत होती तेव्हा तिच्या सगळ्या वह्यांवर नावं हीच लिहायची. पण वही माझ्याकडे राहणार हे आम्हा दोघांनाही इतकं उघड होतं की त्यावर बोलायला काही नव्हतंच.

घरी आल्यावर मला ती छोटी वही पसंत पडली नाही. मी बाजारातून लांबट रजिस्टर आणलं, पट्टी घेऊन रकाने आखले. तारीख, वजन, सूज, पाणी, गोळी, शेरा. आणि शेवटी एक रकाना सहीचा. सही अर्थातच माझी. वजनकाटा आणला तर आमच्या भिलाईतल्या, रुआबांध्याच्या घरातली फरशी जुनी, कुठं उंच कुठं खोल. म्हणून स्पिरिट लेव्हल लावून मी न्हाणीच्या दाराशी एक सपाट जागा शोधली आणि चारी बाजूंनी रंगानं खुणा करून ठेवल्या. ती दारात उभी राहून हे बघत होती. म्हणाली की लग्नाच्या बोहल्यालाही कुणी इतकं माप लावलं नव्हतं. मी हसलो नाही. कामाच्या वेळी मला थट्टा चालत नसे.

पहिले दोन महिने सगळं ठीक चाललं. शेजारपाजारचे लोक येऊन सल्ले देत. एक बाई म्हणाल्या, साधं मीठ बंद असेल तर सेंधा मीठ, आपलं सैंधव, घाला, ते चालतं. मी त्यांना असं काही झाडलं की त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. मीठ ते मीठच, हे माझं खरं होतं. पण त्या गेल्यावर बायको म्हणाली, त्या बिचाऱ्या दर एकादशीला दळलेलं पीठ आणून द्यायच्या. माझं खरं असायचं, आणि घरात माणूस कमी व्हायचं, असं बऱ्याचदा झालं आहे.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्यासाठी मिठाचा चमचा मोजणारा मी, स्वतः मीठ घातलेलं जेवत होतो. दोन भाज्या व्हायच्या. ती आधी स्वतःची अळणी भाजी वेगळ्या पातेल्यात काढायची, मग उरलेल्यात माझ्यासाठी मीठ घालायची. चाखून बघायची सोय नाही, म्हणून अंदाजानं घालायची, आणि एखाद्या दिवशी अंदाज चुकला तर मी बोलायचो. 

ते दोन महिने सरले आणि पहिल्यांदा आकडा वर गेला. रोज बावन्न किलो तीनशे-चारशे असायचं, त्या दिवशी काट्यावर त्रेपन्न सातशे आलं. डॉक्टरीणबाईंनी अशा दिवसासाठी काय करायचं ते सांगितलं होतं: घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं, वाढतच गेलं तर फोन करून गोळी वाढवून घ्यायची. मी फोन केला नाही. मी चौकशी लावली.

"काय खाल्लं काल?"

"काईच नाई."

"मंग हवेनं वाढलं का वजन?"

ती पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "अर्धा पापड खाल्ला होता."

त्या अर्ध्या पापडावरून मी दिवसभर घर डोक्यावर घेतलं. पापडाचा डबा, लोणच्याची बरणी, सांडग्यांची पिशवी, सगळं उचलून माळ्यावर टाकलं. पुण्याच्या मुलीला फोन करून आईची तक्रार केली. मुलगी अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते, म्हणाली, "बाबा, आई कोई मशीन थोडी ना आहे." मी तिलाही सुनावलं. दुसऱ्या दिवशी काटा आपोआप बावन्न सहाशेवर आला. मला वाटलं, माझ्या ओरडण्याचा गुण आला. बायको मात्र त्या दिवसापासून काट्यावर चढताना आधी माझ्याकडे बघायला लागली. आकडा नंतर बघायची.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. बॉयलरवर दर तासाला रीडिंग घेऊन लॉगशीट भरायची असते. दाब, तापमान, पाण्याची पातळी. नियम असा की गेजपाशी जाऊन, डोळ्यांनी बघून लिहायचं. पण सगळं सुरळीत चाललेलं असलं, बाहेर थंडी असली, चहा आलेला असला, की माणूस उठत नाही. चार तासांची रीडिंगं एकदम बसून भरतो. जरा इकडं, जरा तिकडं, पण हद्दीच्या आत. मीही हे केलं आहे, आणि घरी येऊन जेवताना बायकोला हसत हसत सांगितलंही आहे. कशी भरायची हेसुद्धा सांगितलं होतं: सगळे आकडे सारखे लिहायचे नाहीत, साहेबाला शंका येते; एक पॉइंट वर, दोन पॉइंट खाली असे लिहायचे. ती वाढता वाढता ऐकत असे. मला वाटे, हिला यातलं काय कळतंय.

दिवाळी जवळ आली. तिचं माहेर आमगावकडचं. त्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, गुरं राखणारे गोवारी नाचतात, रात्री दंडारीचं नाटक होतं, आणि सासरी गेलेल्या सगळ्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. बाकी सणांना कुणी येतं, कुणी येत नाही. मंडईला मात्र यायचंच. ती धरून तीन बहिणी आणि एक भाऊ, आई-बाप जाऊन वीस वर्षं झालेली, पण मंडईला चौघं भावाच्या ओट्यावर बसून असत. लग्नानंतर तिची एकही मंडई चुकली नव्हती, मुलगी पोटात होती ते एक वर्ष सोडून.

तिच्या भावाचा फोन आला त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. एरवी ती काम करता करता बोलायची. त्या दिवशी हात रिकामे ठेवून बसली.

"यंदा मंडईले जाचं हाये मले."

डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर त्यांनी काय काळजी घ्यायची ते सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मीच अट घातली. म्हटलं, "महिनाभर रीडिंग बावन ते तेपनच्या मंधात राहिलं तं नेतो. नाई तं घरी बसाचं."

"बावन ते तेपन," ती म्हणाली. तिनं पुन्हा एकदा विचारून खात्री केली. मी रजिस्टरच्या नव्या पानावर वरती लाल शाईनं ते लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला अगदी छान वाटलं. माणसासमोर काहीतरी ठेवलं की माणूस नियम पाळतो, असा माझा कारखान्यातला अनुभव होता.

त्याच सुमाराला कारखान्यातून बोलावणं आलं. मी निवृत्त झालो होतो, पण नवीन ऑपरेटरांना शिकवायला महिनाभर रोज या, असं म्हणाले. सकाळी सहाला निघायचं. तिचं वजन व्हायच्या आधी मी घराबाहेर. ती म्हणाली, मी लिहीन, त्यात काय आहे. संध्याकाळी येऊन मी रजिस्टर बघायचो आणि सहीच्या रकान्यात सही करायचो. बावन्न चारशे. बावन्न सहाशे. बावन्न पाचशे. बावन्न आठशे. बावन्न तीनशे. मी फोटो काढून मुलीला पाठवला, खाली लिहिलं, बघ, शिस्त याला म्हणतात.

बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी एक काच असते. दर शिफ्टला तिची तोटी उघडून, वाफेच्या झोतानं ती झाडून बघावी लागते. कारण गाळ बसून ती काच अडकली, तर आतलं पाणी कुठंही जावो, काचेत पातळी छान, स्थिर, मधोमध दिसत राहते. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवायचो. जास्त स्थिर दिसणाऱ्या काचेवर भरवसा ठेवू नका, असं सांगायचो. त्या महिन्यात मी रोज सकाळी रसमड्याला जाऊन हे शिकवत होतो आणि रोज संध्याकाळी घरी येऊन बावन्न चारशेवर सही करत होतो.

डोळे फुटले नव्हते माझे. तिनं जोडवी काढून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, रुततात. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकावर गेला होता. एका उशीच्या दोन झाल्या, दोनच्या तीन. म्हणाली, मान दुखते. बाजारातून येताना ती एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि मी भाजीची पिशवी घेऊन वीस पावलं पुढं गेल्यावर मला कळलं की ती मागं राहिली. हे मी सगळं पाहिलं. पाहिलं आणि घरी येऊन रजिस्टर उघडलं. रजिस्टरमध्ये ठीक होतं. मग मला ठीक वाटलं.

गुरुवारी मी सकाळी कामावर जाऊन आलो आणि दुपारी आम्ही निघालो. दुर्गहून आमगाव रेल्वेनं दोन-अडीच तासांचा रस्ता. मी वजनकाटासुद्धा पिशवीत घातला होता आणि रजिस्टरही. मंडई असली म्हणून रीडिंग थोडंच बंद ठेवायचं. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. खिडकीपाशी बसून डोंगरगड गेलं, सालेकसा गेलं, असं ती मला सांगत होती, जणू मी पहिल्यांदाच चाललो होतो. तिचा चेहरा जरा फुगल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, आनंदानं.

भावाच्या घरी ओट्यावर बहिणी वाटच बघत होत्या. वजनकाटा बघून सगळ्या हसून हसून लोळल्या. तिच्या भावानं त्याच्यावर उभं राहून पाहिलं, वहिनीनं पाहिलं, मोठ्या बहिणीनं आकडा बघून पदरात तोंड लपवलं. ती सगळ्यांत जास्त हसत होती. हसताना तिला खोकला यायचा. शुक्रवारी मंडई झाली; सकाळी मी उठायच्या आत वजन करून लिहिलंय, असं ती म्हणाली आणि गडबडीत मी रजिस्टर उघडलं नाही. ती चालत गेली नाही, ओट्यावर खुर्ची टाकून बसली, आणि येणारे-जाणारे लोक तिला भेटून जात होते. कुणी वडे आणून देत होतं, कुणी शेव, कुणी चहा. मी दुरून लक्ष ठेवून होतो. ती प्रत्येकाचं थोडं तोंडाला लावून बाजूला ठेवत होती. मला खरंच समाधान वाटलं. तिच्या भावाला मी म्हटलंही की, बघा, नियमात राहिलं की सगळं करता येतं. तो म्हणाला, "हो भाऊजी, तुमच्यामुळंच."

शनिवारी सकाळी तिला बोलता येईना. ओठ निळसर पडले होते. भावानं गाडी केली, आम्ही आमगावहून निघालो ते थेट भिलाईच्या दवाखान्यात दुपारी पोचलो. तिथं तिला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. त्याच डॉक्टरीणबाई धावत आल्या. मी पिशवीतून रजिस्टर काढून त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, मॅडम, वजन एक दिवसही वाढलेलं नाही, सगळं लिहिलेलं आहे, मी स्वतः बघितलंय.

त्यांनी पान बघितलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "आज तो शनिवार है ना?"

मी बघितलं. शनिवार: बावन्न पाचशे. त्याच्याखाली रविवार: बावन्न चारशे. त्याच्याखाली सोमवार: बावन्न सहाशे. तिच्या देखण्या अक्षरात, एक पॉइंट वर, दोन पॉइंट खाली. सूज नाही. गोळी घेतली. सहीचा रकाना तेवढा रिकामा होता, कारण तो माझा होता.

माहेरी गर्दीत लिहायला सवड मिळणार नाही म्हणून तिनं घरूनच पुढचे दिवस भरून ठेवले असणार. मी दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये उभा होतो आणि मागची पानं उलटत होतो. आता सगळं दिसत होतं. महिनाभराचे आकडे जरा इकडं, जरा तिकडं, पण एकदाही हद्दीबाहेर नाहीत; खरं वजन असं कधी चालत नाही. असली लॉगशीट मी लांबून ओळखत होतो, कारण तशी मी भरली होती.  मला रागच आला. तिच्यावर. ती आत नाकाला नळी लावून पडलेली, आणि मी बाहेर चरफडत होतो.

चौथ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. पाय उतरले होते, चेहरा उतरला होता, गळ्याची हाडं वर आली होती. मी ठरवून गेलो होतो की काही बोलायचं नाही. पण स्टुलावर बसल्या बसल्या तोंडातून निघालंच, "कावून केलं असं?"

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"तुमाले बावन ते तेपन पाह्यजे होते," ती म्हणाली. "अन् मले मंडई पाह्यची होती."

मी म्हटलं, मला सांगायचं होतं. त्यावर तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सांगतलं होतं ना एक खेप. अर्ध्या पापडाचं. मंग दिवसभर घरात भेव वाटून राहिलं होतं मले. आकडा वर गेला का मले दुखण्याचं भेव नाई वाटे, तुमच्या तोंडाचं वाटे."

मग तिनं बाकीचंही सांगितलं. वजन ती रोज करत होती, एक दिवसही चुकली नव्हती. खरे आकडे तिला सगळे पाठ होते. निघालो त्या सकाळी पंचावन्नच्या वर होतं. आणि गाडीत, माहेरी, सारखं लघवीला कुठं जायचं म्हणून तिनं तीन दिवस गोळी घेतलीच नव्हती. बाई माणसाला प्रवासात ही अडचण येते, हे मला महिनाभर रजिस्टर बघून सुचलं नव्हतं. तो रकानाच मी आखला नव्हता. ती म्हणाली, "सगळे आकडे ध्यानात हायेत माह्या. सांगू?" मी नको म्हटलं. तेव्हा ऐकून घ्यायला हवे होते. तेवढं धैर्य माझ्याजवळ नव्हतं.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एक छोटी वही दिली. या वेळी मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. तिनं ती घेतली, ब्लाउजच्या कप्प्यात ठेवली, आणि घरी येईपर्यंत त्यावर हात ठेवून होती. मी तिला म्हटलं की ही मी कधी उघडणार नाही. रजिस्टर मी रद्दीत दिलं नाही, फाडलंही नाही. नुसतं कपाटाच्या तळाशी लोटलं.

त्यानंतरचं दीड वर्ष तिनं तिचं दुखणं तिच्या पद्धतीनं सांभाळलं. माझ्या पद्धतीत आणि तिच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. मी पाणी मापानं द्यायचो. तिनं सकाळीच तांब्या भरून ठेवला आणि दिवसभर त्यातूनच, चमच्या-चमच्यानं, जिभेवर फिरवून प्यायला शिकली. चहासाठी मुलीच्या लहानपणीची एवढीशी वाटी शोधून काढली. मिठाऐवजी लिंबू, आमचूर, भाजलेलं जिरं, लसूण. भाजी चिरायची तर बसून, कपडे धुवायचे तर दोन दिवसांत अर्धे-अर्धे. कुठं जायचं असेल त्या दिवशी गोळी दुपारी परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे तिनं स्वतः फोन करून विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. इतकं सोपं होतं ते. आकडा वर गेला की ती मला न सांगता दवाखान्यात फोन करायची, आणि मी दुसऱ्या खोलीत बसून ऐकू न आल्याचं सोंग करायचो. मूग गिळून बसणं मला जन्मात जमलं नव्हतं, साठीनंतर शिकलो.

मीही अळणी खाऊ लागलो. पहिले पंधरा दिवस घास घशाखाली उतरेना. ती माझ्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, बॉयलरवाल्याचं पाणी खाली चाललं. पुढच्या मंडईला ती गेली. एकच दिवस, स्वतःची भाकरी बांधून, भावाला आधीच सांगून की मला ओट्यावर बसव आणि काही खायला आणू नको. काटा नेला नाही. त्या दिवशी ती हसली तेव्हा तिला खोकला आला नाही.

पण हृदय कमजोरच होत गेलं. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितलं होतं, नीट सांभाळलं तर दिवस चांगले जातील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दिवस किती ते त्या बोलल्या नव्हत्या. दिवस चांगले गेले. ती गेल्या उन्हाळ्यात गेली, दवाखान्यात, सहाव्या दिवशी. लोक म्हणाले की तुम्ही फार केलं तिच्यासाठी. 

तिला नेलं ती सकाळ मी सांगतो आणि थांबतो. मी अंगणात कुंड्यांना पाणी घालत होतो. ती न्हाणीतून निघून दारापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली. दोन शब्दांच्या मधे तिला थांबावं लागत होतं.

"छप्पन हाये आज," ती म्हणाली. "कालपासून... गोळीनं बी काई होऊन नाई राहिलं. चाला."

दीड वर्षात तिनं मला सांगितलेला हा पहिला आकडा होता. बाजूलाच ओटा होता, बसायला जागा होती. ती बसली नाही. श्वास पुरत नव्हता, आणि तरी ती चौकट धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. त्या दीड वर्षात मी एकदाही आवाज चढवला नव्हता. एकदाही नाही. मला वाटत होतं, ते सगळं मागं पडलं. माझ्या हातातला पाइप खाली पडला, पाणी पायावर येत होतं, आणि मला बोलायला जरा उशीर झाला.

"बरं केलं सांगतलं," मी म्हटलं.

तेव्हा कुठं ती खाली बसली.